समुद्रातील लावणी आणि तिची मोजदाद

गोत्री, बडोदे



भातखाचरात रोप लावले म्हणजे शेतकऱ्याचे काम संपले असे होत नाही, हे आपणांस सांगावयास नको. रोप जगले की कुजले, फुटवे किती आले, लोंबी भरली की पोचट राहिली, हे पाहिल्यावाचून पीक आले असे शहाणा माणूस म्हणत नाही. अशीच एक लावणी अलीकडे समुद्राच्या तळाशी होऊ लागली आहे. तेथे रोप असते ते प्रवाळाचे, म्हणजे आपण ज्याला पोवळे म्हणतो त्याच्या भाईबंदांचे. उजाड झालेले प्रवाळखडक पुन्हा कसे वसवितात आणि ते खरोखरीच वसले किंवा नाही हे कोणत्या मापाने ठरवितात, याविषयी या आठवड्यात चार गोष्टी सांगाव्या असे आम्ही योजिले आहे.

गोत्री हे एके काळी बडोद्याच्या पश्चिमेस असलेले खेडे. आज ते शहरात सामावून गेले आहे. येथून समुद्र दिसत नाही. जवळचा समुद्र म्हणजे खंबायतचे आखात. मही, साबरमती, नर्मदा आणि तापी या नद्या आपला गाळ त्यात आणून ओततात. त्यामुळे त्याचे पाणी सदा गढूळ, आणि गढूळ पाण्यात प्रवाळाचा जीव गुदमरतो. मग गोत्रीच्या माणसाने प्रवाळाची चौकशी का करावी, असे कोणी विचारील. त्याला उत्तर आहे, आणि ते बडोद्याच्याच इतिहासात आहे. ते पुढे येईलच.

पोवळे म्हणजे काय?

आजीबाईंच्या गळ्यातील लाल पोवळ्यांची माळ आपण पाहिलेली असते. ते लाल पोवळे बहुधा भूमध्य समुद्रातून येई. खडक बांधणारे प्रवाळ हे त्याचे चुलत भावंड होय. ते वनस्पती नव्हे, दगडही नव्हे. तो प्राणी आहे. एकेक जीव बहुधा काही मिलिमीटरांचाच. मऊ पिशवीसारखे शरीर, वर तोंड आणि तोंडाभोवती बारीक शुंडा, एवढाच त्याचा संसार. परंतु हा इवलासा जीव समुद्राच्या पाण्यातील चुना घेऊन आपल्याभोवती घर बांधतो. त्याच्या शेजारी दुसरा बांधतो. पूर्वजांच्या रिकाम्या घरांवर वंशज आपली घरे उभारतात. अशी हजारो वर्षे गेली म्हणजे समुद्रात मैलोगणती पसरलेली तटबंदी तयार होते.

या बांधकामामागे एक भागीदारी आहे. प्रवाळाच्या शरीरात अतिसूक्ष्म शैवाल राहते. प्रवाळ त्याला आसरा देतो. ते उन्हाच्या साहाय्याने अन्न तयार करून प्रवाळाला त्यातील मोठा वाटा देते. प्रवाळाचा रंगही मुख्यतः या भाडेकरूचाच. म्हणूनच त्याला स्वच्छ पाणी हवे, ऊन हवे आणि ऊब हवी. परंतु ऊब बेताची हवी. नेहमीच्या कडक उन्हाळ्यापेक्षा पाणी एखाद्या अंशाने अधिक तापले आणि तसेच काही आठवडे राहिले, तर ही भागीदारी मोडते. शैवाल बाहेर पडते आणि प्रवाळ हाडासारखा पांढरा दिसू लागतो. तो त्या क्षणी मेलेला नसतो, उपाशी असतो. पाणी लवकर निवले तर तो सावरतो. नाही निवले तर मरतो.

पृथ्वीवरील समुद्रतळाच्या शंभरातील एका भागाहूनही कमी जागा प्रवाळखडकांनी व्यापिली आहे. तरी समुद्रातील ज्ञात जातींपैकी सुमारे चतुर्थांश जाती कधी ना कधी त्यांचा आश्रय घेतात, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. तेथे माशांची पिले लपतात आणि वाढतात. तेथेच लाटांचा जोर मोडतो आणि किनारा वाचतो. तेव्हा ज्या कोळी बांधवाने प्रवाळ कधी डोळ्यांनी पाहिला नाही, त्याच्याही चुलीशी त्याचा संबंध पोहोचतो.

ओखामंडळची जुनी नोंद

आता बडोद्याकडे वळू. द्वारका आणि बेट ज्यात येतात तो ओखामंडळाचा प्रदेश स्वातंत्र्यापूर्वी बडोदे संस्थानात होता. गायकवाडांची राजधानी समुद्रापासून दूर. परंतु कच्छच्या आखाताच्या तोंडाशी त्यांच्या मालकीचा किनारा होता. विसाव्या शतकाच्या आरंभी श्रीमंत सयाजीराव महाराज तिसरे यांच्या सरकारने जेम्स हॉर्नेल या इंग्रज सागरशास्त्रज्ञाकडून त्या समुद्रातील प्राणिजीवनाची तपासणी करविली. त्याचा अहवाल दोन भागांत, १९०९ आणि १९१६ साली, प्रसिद्ध झाला. अनेक तज्ज्ञांनी आपापल्या विषयाची प्रकरणे त्यात लिहिली. शंखाविषयी तर त्यात हॉर्नेलचा एक विस्तृत निबंधच आहे.

त्या काळी हा सरकारी खर्च कित्येकांस निरर्थक वाटला असेल. परंतु आज शंभर वर्षांहून अधिक काळानंतर त्याचे मोल कळते. एखादी गोष्ट सुधारली असे म्हणावयाचे तर पूर्वी ती कशी होती याची नोंद हवी. माणसाची आठवण फार सोयीची असते. नातू जो उजाड डोंगर पाहतो, तोच त्याला डोंगराचे मूळ रूप वाटतो. आजोबांनी पाहिलेले रान त्याच्या हिशेबात येत नाही. समुद्राच्या बाबतीत तर हे अधिकच खरे, कारण तळ कोणाला दिसतच नाही. हॉर्नेलसारख्यांच्या जुन्या नोंदी या विसराळूपणावरचा उतारा होत.

मध्यंतरी पुष्कळ काही घडले. कच्छच्या आखातातील चुनखडीची वाळू सिमेंटासाठी उपसण्यात आली. किनाऱ्यावरील चेराची, म्हणजे खारफुटीची, झाडे जळणासाठी आणि चाऱ्यासाठी तोडली गेली. तेव्हा त्यांच्या मुळांनी धरून ठेवलेला चिखल मोकळा होऊन प्रवाळांवर बसला. बंदरे झाली, तेलाच्या नळ्या आल्या. या सर्वांवर उपाय म्हणून १९८० साली जामनगर किनाऱ्यावर सागरी अभयारण्य आणि १९८२ साली सागरी राष्ट्रीय उद्यान जाहीर झाले. आपल्या देशातील हे पहिलेच. पुढे २००१ साली खडक बांधणाऱ्या प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत स्थान मिळाले. वाघाला जे संरक्षण, तेच या बोटभर जीवाला!

लावणी कशी होते?

ओखामंडळातच मिठापूर आहे. तेथे २००८ साली गुजरातचे वन खाते, भारतीय वन्यजीव न्यास आणि टाटा केमिकल्स यांनी मिळून प्रवाळखडकांच्या पुनरुज्जीवनाचे काम हाती घेतले. खडकाची पाहणी, कृत्रिम आधार बसविणे, कोळी वस्तीत जागृती आणि प्रवाळाची लावणी, असे त्याचे स्वरूप होते.

लावणीची रीत आपल्या कलमांसारखीच आहे. निरोगी प्रवाळाचा, शक्यतो लाटांनी आपोआप मोडलेला, बोटभर तुकडा घ्यावयाचा. तो सिमेंटाच्या लादीवर किंवा लोखंडी चौकटीवर घट्ट बांधावयाचा किंवा चिकटवावयाचा. काही दिवस त्याला समुद्रातीलच रोपवाटिकेत सांभाळावयाचे आणि मग ठरलेल्या जागी नेऊन बसवावयाचे. गुलाबाची फांदी जशी नवे झाड होते, तसा तो तुकडा नवी वसाहत होतो. फांद्यांच्या जाती वर्षाला दहा सेंटिमीटर किंवा त्याहूनही अधिक वाढतात. गोलाकार, भरीव जाती मात्र वर्षाला जेमतेम सेंटिमीटरभर.

कच्छच्या आखातात ॲक्रोपोरा नावाच्या फांदीदार प्रवाळाचे मृत सांगाडे सापडत, परंतु जिवंत ॲक्रोपोरा तेथून नाहीसा झाला होता. म्हणून मिठापूरच्या मंडळींनी त्याचे तुकडे दूर लक्षद्वीपहून आणून लाविले. जेथून कुळ उठले तेथे दूरच्या नातलगाने पुन्हा घर करावे, तसाच हा प्रकार.

जानेवारी २०२० मध्ये मिठापूरजवळच भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेने वन खात्याच्या साहाय्याने आणखी एक युक्ती योजिली. समुद्रात लोखंडी सांगाडा ठेवून, पाण्यावर तरंगणाऱ्या सौर पट्ट्यांतून मिळणारी अगदी मंद वीज त्यात खेळविली. त्या विजेने पाण्यातील चुना सांगाड्यावर साचत जातो आणि प्रवाळाला बसावयास आयती बैठक मिळते. बायोरॉक नावाची ही कल्पना वोल्फ हिल्बर्ट्झ यांनी १९७० नंतरच्या दशकात काढिली, आणि थॉमस गोरो यांच्या सहकार्याने ती प्रवाळांच्या कामी आणिली.

आपल्या कोकणातही हे काम झाले आहे. मालवणचे सागरी अभयारण्य १९८७ साली जाहीर झाले. आणि संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या साहाय्याने सिंधुदुर्गात जो प्रकल्प चालला, त्यात तुतिकोरीनच्या सागरी संशोधन संस्थेच्या मार्गदर्शनाखाली तेथेही प्रवाळाचे तुकडे लाविण्यात आले.

मोजदाद

आता मुख्य मुद्दा. तुकडे लाविले, छायाचित्रे निघाली, पाहुणे येऊन गेले. पुढे काय? वनमहोत्सवात झाडे लावण्याचा अनुभव आपल्या गावोगावी आहे. खड्डे किती खणले हे फलकावर लिहिलेले असते. तिसऱ्या वर्षी झाडे किती उरली हे कोणी लिहीत नाही, आणि पुष्कळदा त्याच खड्ड्यात पुन्हा रोप लागते. समुद्रात तर हे झाकणे अधिकच सोपे. म्हणून या कामातील जाणत्या मंडळींनी मोजण्याच्या काही रीती ठरविल्या आहेत. त्या साध्या आहेत, आणि शाळेतील मुलालाही समजतील.

पहिली रीत फितीची. खडकावर ठराविक लांबीची मोजफीत सरळ अंथरावयाची आणि तिच्याखाली काय येते ते क्रमाने टिपावयाचे: इतके सेंटिमीटर जिवंत प्रवाळ, इतके मृत, इतकी वाळू, इतके शेवाळ. समजा पन्नास मीटरांच्या फितीखाली जिवंत प्रवाळाची एकूण लांबी साडेबारा मीटर भरली, तर जिवंत आच्छादन शंभरात पंचवीस. फितीची दोन्ही टोके कायमच्या खुंट्यांनी आखून ठेवितात, म्हणजे पुढील वर्षी पाणबुड्या बरोबर त्याच रेषेवर मोजतो. जागा बदलली की हिशेब बिघडला.

दुसरी रीत चौकटीची. एक मीटर लांब आणि एक मीटर रुंद अशी चौकट खडकावर ठेवून तिच्या आतील प्रत्येक जीव मोजावयाचा किंवा त्याचे छायाचित्र घ्यावयाचे. आपल्याकडे पैसेवारी ठरविताना पीक-कापणीचा प्रयोग करितात. शेताचा एक तुकडा आखून तेवढ्यातले धान्य तोलतात आणि त्यावरून साऱ्या गावाच्या पिकाचा अंदाज बांधितात. ही चौकट म्हणजे तोच प्रयोग. आणि त्यातील धर्मही तोच, की चांगले पीक पाहून तेथेच चौकट टाकावयाची नाही.

तिसरी रीत साखळीची. निरोगी प्रवाळखडक उंचसखल असतो. त्याच्या बिळांत मासे राहतात. दहा मीटरांची साखळी खडकाच्या उंचसखलपणाला धरून अंथरिली आणि ती सरळ रेषेत सहाच मीटर पोहोचली, तर खडक चांगला खडबडीत आहे असे समजावे. साडेनऊ मीटर पोहोचली, तर तो झिजून सपाट झाला आहे, आणि माशांना घर उरलेले नाही.

याखेरीज लाविलेल्या प्रत्येक तुकड्याला क्रमांक देऊन तो जगला किंवा नाही आणि किती वाढला ते पाहतात. मासे मोजितात, पाण्याची उष्णता आणि साचणारा गाळ यांची नोंद ठेवितात. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे कोणीही न लाविलेली बाळप्रवाळे मोजितात. प्रवाळ अंडी सोडतो, त्यांतून निघालेली पिले पाण्यावर तरंगत जातात आणि योग्य जागा दिसली की बसतात. अशी पिले आपण होऊन येऊन बसू लागली, तर समजावे की खडकाने स्वतःचा संसार हाती घेतला. तोवर तो माणसाच्या टेकूवर उभा असतो.

एक दक्षता आणखी घ्यावी लागते. लावणीच्या जागेजवळच तशीच दुसरी जागा, काहीही न लाविता, राखून ठेवितात आणि तीही दरवर्षी मोजितात. दोन्ही जागा सारख्याच सुधारल्या, तर श्रेय लावणीचे नव्हे; पाणी स्वच्छ झाले किंवा उपसा थांबला, त्याचे ते फळ. दोन्ही सारख्याच बिघडल्या, तर दोष लावणाऱ्याचाही नव्हे. ही जोडीची जागा नसली, तर यशाची प्रत्येक कहाणी ऐकीव गोष्टीच्या पायरीवर येते.

आकडे काय सांगतात?

जगभरच्या अशा कामांचा आढावा २०२० साली प्रसिद्ध झाला. लाविलेल्या प्रवाळांपैकी सरासरीने शंभरात सहासष्ट जगल्याचे त्यात दिसून आले. आकडा बरा आहे. परंतु त्याच आढाव्याने असेही दाखविले, की शंभरातील साठ कामांवर अठरा महिनेदेखील लक्ष ठेविले गेले नव्हते. ज्या खडकाचे आयुष्य शतकांनी मोजावयाचे, त्याची परीक्षा दीड वर्षाच्या आत उरकली! आंब्याच्या कलमाला पालवी फुटली म्हणून बागेचे उत्पन्न जमेस धरण्यासारखेच हे झाले.

चांगली बातमीही आहे. इंडोनेशियातील सुलावेसीजवळ सुरुंग लावून मासे मारणाऱ्यांनी प्रवाळाचा चुरा केला होता. त्या चुऱ्यावर षट्कोनी लोखंडी चौकटी बसवून प्रवाळ लाविले. चार वर्षांत तेथील खडकाची वाढ निरोगी खडकाच्या वाढीला येऊन मिळाली, असे २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या मोजणीवरून सिद्ध झाले. मात्र तेथे लाविलेल्या बहुतेक जाती फांदीदार आहेत, त्यामुळे जुन्या खडकातील जातींची सरमिसळ अद्याप परतलेली नाही, हेही मोजणाऱ्यांनी प्रांजळपणे नमूद केले आहे.

उलट बाजू फ्लोरिडाची. तेथे वर्षानुवर्षे कष्टाने प्रवाळ लाविले जात होते. २०२३ च्या उन्हाळ्यात समुद्र इतका तापला, की सोम्ब्रेरो नावाच्या खडकावरील लाविलेले सारे प्रवाळ मेले.

आपल्या देशातील दोन हिशेबही पाहण्याजोगे आहेत. मन्नारच्या आखातात प्रवाळ खणून चुन्यासाठी नेण्याचा धंदा २००५ साली बंद पडला. त्यानंतर चार वर्षांत जिवंत आच्छादन सुमारे ३७ टक्क्यांवरून सुमारे ४३ टक्क्यांवर गेले. खणणे थांबताच समुद्राने आपली जखम भरावयास आरंभ केला होता. पुढे २०१० च्या उष्म्याने ते पुन्हा खाली आणिले. लक्षद्वीपात तर १९९८ पासून सतत चोवीस वर्षे मोजणी चालली. तेथील आच्छादन सुमारे ३७ टक्क्यांवरून २०२२ साली २० टक्क्यांच्या आत आले. १९९८, २०१० आणि २०१६ असे तीन मोठे उष्मे मध्ये येऊन गेले. या मोजणीने एक मोलाची गोष्ट हाती दिली: उष्म्यावाचून सलग सहा वर्षे मिळाली, तर खडकाची सुधारणा वेग धरते. परंतु सलग सहा वर्षांची अशी विश्रांती आता दुर्मीळ होत चालली आहे. २०२३ पासून जगावर जो चौथा मोठा उष्मा आला, त्याची झळ २०२५ च्या वसंतापर्यंत जगातील ८४ टक्के प्रवाळक्षेत्रास लागली होती.

ही चोवीस वर्षांची वही कोणी लिहिली नसती, तर सहा वर्षांचा हा नियम आपणांस कधीच कळला नसता.

मग लावणी करावी की नाही?

आमच्या मते करावी. परंतु तिचा क्रम चुकवू नये. पहिले काम घाव घालणारा हात थांबविण्याचे: उपसा, गाळ, सुरुंग आणि सांडपाणी यांना आवर घालावयाचा. मन्नारचा आकडा याचीच साक्ष देतो. दुसरे काम जे जिवंत उरले आहे ते राखण्याचे. लावणी तिसरी. जेथे कारण दूर झाले आहे आणि तरी पिले येऊन बसत नाहीत, तेथेच ती खरी उपयोगी पडते. जेथे गाळ अजून बसतच आहे, तेथे तुकडे लाविणे म्हणजे पुराच्या पाण्यात पेरणी करणे.

आणि उष्म्याचे काय? पृथ्वीची उष्णता औद्योगिक काळापूर्वीच्या मानाने दीड अंश वाढली, तर प्रवाळखडकांपैकी ७० ते ९० टक्के नाहीसे होतील. दोन अंश वाढली तर बहुतेक सारेच, असे जगातील शास्त्रज्ञांच्या मंडळाने २०१८ साली बजावले आहे. त्यावर मिठापूरची लादी किंवा मालवणची चौकट हा उपाय नव्हे. त्यांनी मिळतो तो अवधी आणि राहते ते बियाणे. दुष्काळी सालीही शेतकरी बियाण्याची कणगी फोडत नाही; चांगले साल येईल तेव्हा पेरावयास काही उरावे म्हणून तो ती राखतो. परंतु कणगी राखणे ही एक गोष्ट आणि दुष्काळ हटविणे ही दुसरी, याचा विसर पडू नये.

परमगुरु फ्रान्सिस यांनी २०१५ साली सृष्टीच्या जपणुकीविषयी जे परिपत्र जगाला दिले, त्यात प्रवाळखडकांचा नावानिशी उल्लेख आहे, हे आपल्या वाचकांस ठाऊक असेल. दूरच्या समुद्रातील या मुक्या जीवाची विचारपूस आपल्या घरापर्यंत येते ती अशी.

आपल्या कुटुंबांनी काय करावे? सहलीला नरारा, पिरोटन किंवा मालवण येथे जाण्याचा योग आला, तर वन खात्याच्या नियमांप्रमाणे जावे. ओहोटीच्या वेळी उघड्या पडलेल्या प्रवाळावर पाय देऊ नये. एका टाचेखाली कित्येक वर्षांची वाढ चिरडते. समुद्रातून काढलेला पांढरा प्रवाळ शोभेसाठी विकत घेऊ नये. तो विकणे हा गुन्हाच आहे. होडीचा नांगर खडकावर न टाकिता वाळूत टाकावा, हे आपल्या किनाऱ्यावरील नातलगांस सांगावे. ओढ्यात आणि नदीत कचरा सोडू नये, कारण महीचे पाणी असो की वैतरणेचे, ते शेवटी समुद्रालाच मिळते.

आणि एक शेवटची सूचना, विशेषतः तरुण मंडळींस. गावातील तळे, ओढा, रान, विहीर यांपैकी एक तरी गोष्ट मोजावयास आरंभ करावा. विहिरीचे पाणी दर महिन्याच्या पहिल्या रविवारी किती हात खाली आहे, किंवा गेल्या वर्षी लाविलेल्या झाडांपैकी किती उभी आहेत, एवढे जरी एका वहीत तारीखवार लिहिले तरी पुरे. वही एकाने टाकली तर दुसऱ्याने उचलावी. गावाच्या सभेत झाडांचा विषय निघेल, तेव्हा खड्ड्यांचा आकडा सांगणाऱ्यापुढे ती वही उघडून ठेवता येईल.

असो. पुढील आठवड्यात पुन्हा भेटूच.